नवगावचे मुके दगड

माझा पोटापाण्याचा धंदा अक्षरांचा आहे. गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवितो आणि दरसाल एकदा एम.ए.च्या मुलांना अक्षीला घेऊन जातो. अलिबागच्या दक्षिणेला, समुद्राच्या अगदी कुशीत हे गाव आहे. तिथली शिळा शके 934ची, म्हणजे इसवी सन 1012ची मानतात. ते वाचन बरोबर असेल तर मराठीचा तो सर्वांत जुना कोरीव लेख. मुले शिळेभोवती गोळा होतात, फोटो काढतात आणि पाच मिनिटांत समुद्राकडे पळतात. मी मात्र त्या झिजलेल्या ओळींवरून बोट फिरवीत उभा राहतो. हजार वर्षांपूर्वी कुणा पाथरवटाने ठोकलेले अक्षर आपल्याला लागते, यात मला अजूनही नवल वाटते.

त्याच किनाऱ्यावर, अलिबागच्या उत्तरेला थळ आणि किहीम यांच्या दरम्यान नवगाव आहे. तिथेही जुने दगड आहेत. त्यांच्यावर एकही अक्षर नाही. तिथे मी मुलांना कधी नेले नाही. लांब पडते म्हणून नव्हे, अर्ध्या तासाची वाट आहे. कारण वेगळे आहे आणि ते माझ्या मोठेपणाचे नाही.

आमचे घर अलिबागला इस्राएल आळीच्या तोंडाशी. आळीत एक सिनेगॉग आहे, ‘मागेन आबोथ’ नावाचे. माझ्या लहानपणी, म्हणजे 1990च्या आसपास, आळीतली बहुतेक घरे बंद झाली होती. माणसे इस्राएलला नाहीतर मुंबईला गेलेली. जी दोन-चार घरे उघडी होती, त्यांतले एक मावशींचे. मावशींचे यजमान, म्हणजे आमचे काका, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. मूलबाळ नव्हते. त्यांच्या कुळात पूर्वी तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असे. कोकणात या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत, ते यामुळेच. घाणा काकांच्या आजोबांबरोबर गेला, शनिवार राहिला.

त्या शनिवाराशी माझा फार लहानपणी संबंध आला. शब्बाथच्या दिवशी दिवा लावायचा नाही, विस्तव पेटवायचा नाही, आणि दुसऱ्याला तसे सरळ सांगायचेही नाही. संध्याकाळी मावशी ओट्यावर येऊन मोठ्याने म्हणत, “आज काळोख लवकर पडला, नाही का?” एवढे ऐकले की मी जाऊन बटण दाबून येई. मोबदल्यात रविवारी काहीतरी खायला मिळे. सूचक बोलण्याचा तो पहिला धडा. ध्वनी आणि व्यंजना मी पुढे पुस्तकांत वाचली, पण उदाहरण घरचे होते.

त्यांच्याकडे मलिदा झाला की ताट आमच्याकडे येई. एलियाहू हनबीच्या नावाने भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ, आणि भोवती पाच तऱ्हेची फळे. माझी आजी सोवळ्याची. ती केळे आणि सफरचंद देवापुढे ठेवी. पोह्यांना मात्र ‘पाणी लागलेले’ असे. ते मी मावशींच्या पायरीवर बसून संपवीत असे. आजीला हे ठाऊक होते. तिचे सोवळे तेवढ्यापुरते पाठमोरे होई.

मी नऊ वर्षांचा असताना मावशींनी मला नवगावला नेले. काकांना बरे नव्हते आणि बरोबर कुणीतरी हवे होते. नारळी-पोफळींतून गेले की समुद्र दिसतो आणि समुद्रात खांदेरी-उंदेरीचे दोन जलदुर्ग. त्या बेटांच्या आसपास कुठेतरी, फार फार वर्षांपूर्वी, एक गलबत फुटले अशी कथा आहे. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेते लाटांनी वाहून आणली आणि त्यांना नवगावच्या वाळूच्या वर दोन ढिगाऱ्यांत मूठमाती दिली, एकात पुरुष आणि एकात बायका. चौदा जणांजवळ काही उरले नव्हते. धर्मग्रंथही समुद्रात गेले. त्या सात जोडप्यांपासून बेने इस्राएल वाढले आणि कोकणातल्या गावागावांत जाऊन केहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर झाले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास 1897 साली लिहून पुरा केला, पण तो पुस्तकरूपाने बाहेर पडायला 1937 उजाडले, तेही तेल अवीवला. त्यात ते गलबत फुटण्याचा काळ इसवी सनापूर्वी 175च्या सुमाराचा धरतात. मावशींना सन ठाऊक नव्हता. त्यांच्या लेखी ती गोष्ट त्यांच्या आजीच्या आजीच्या थोडी अलीकडची होती.

त्यांनी मला ते दोन उंचवटे दाखविले. आसपास ओबडधोबड दगड मांडलेली जुनी थडगी होती. मला नुकतेच वाचायचे वेड लागले होते, दुकानांच्या पाट्यासुद्धा मी सोडत नसे. मी एकेका दगडापाशी जाऊन शोधू लागलो.

“मावशी, यांची नावं कुठे लिहिलीत?”

“नाही लिहिली.”

“मग काय होती नावं?”

“कोण सांगणार? सांगणारेच बुडाले.”

त्यांनी खाली वाकून एक खडा उचलला आणि उंचवट्यावर ठेवला. त्यांच्यात थडग्यावर फूल वाहत नाहीत, खडा ठेवतात. मलाही काहीतरी ठेवावेसे वाटले. खिशात किनाऱ्यावर वेचलेला एक सुरेख शिंपला होता, तो मी ठेवला. मावशींनी तो घाईघाईने उचलला आणि हसू आवरत म्हणाल्या, “अरे, तिसऱ्या-कालवं आम्हाला वर्ज्य, आणि तू त्यांच्या उशाशी शिंपला ठेवतोस!”

त्यावरून दुसरी गोष्ट निघाली. दावीद राहाबी नावाचा एक परदेशी ज्यू कोकणात आला. हे शनिवार पाळणारे तेली आपल्यापैकीच तर नव्हेत, असा त्याला संशय आला. त्याने बायकांपुढे मिश्र मासळीची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी निवडली, बाकीची बाजूला सारली. ‘ही आम्ही खात नाही.’ राहाबीला खूण पटली. ग्रंथ नव्हता, मंदिर नव्हते, ‘शेमा’च्या प्रार्थनेपलीकडे हिब्रूचे अक्षर येत नव्हते. ओळख मासळीच्या टोपलीत सापडली! राहाबी नेमका कोणत्या शतकातला, यावर विद्वानांचे एकमत नाही, आणि शतकांचा फरक म्हणजे थोडाथोडका नव्हे. पण ही गोष्ट रचणारा माणूस कोकणातला होता यात मला शंका नाही. माणसाची पारख बाजारातल्या टोपलीवरून करावी हे दुसऱ्या कुणाला सुचायचे नाही.

मावशींजवळ अशा पुष्कळ गोष्टी होत्या. खंडाळ्याच्या खडकाचीही होती. हे खंडाळे घाटातले नव्हे, अलिबागजवळचे. एलियाहू हनबीचा रथ तिथून आकाशात उडाला आणि खडकावर घोड्याच्या टापा उमटल्या. ‘एलियाहू हनबीचा टापा’ म्हणून तो खडक आजही दाखवितात. मी तो पाहिला तेव्हा मला टापा स्पष्ट दिसल्या होत्या. एम.ए. झाल्यावर पाहिला तेव्हा दिसल्या नाहीत.

इथून माझ्या शहाणपणाला सुरुवात होते.

2004 साली मी एम.ए. झालो. लोकसाहित्य हा माझा आवडीचा विषय. कथाबीज, त्याचे प्रवास, त्याची रूपांतरे असले शब्द तोंडात ताजे होते. नव्या शहाण्याला ऐकणारा लागतो. एका संध्याकाळी मावशींच्या ओट्यावर मी नवगावच्या कथेची चिरफाड केली. म्हणालो, “मावशी, ही तुमची चौदा माणसं म्हणजे कथाबीज आहे. आम्हा चित्पावनांचीही अशीच कथा आहे. समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेतं परशुरामाने चितेवर शुद्ध केली आणि त्यांना जिवंत केलं. तेच कोकण, तोच समुद्र, तोच चौदाचा आकडा! एकीने दुसरीवरून उचललेली असणार. प्रत्यक्षात गलबत फुटलं याला पुरावा काय?”

काका मान खाली घालून ऐकत होते. मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

“पुरावा,” त्या म्हणाल्या. “माझ्या बहिणीलाही हेच विचारलं होतं.”

मग त्यांनी जे सांगितले ते मी तोवर ऐकले नव्हते. त्यांची थोरली बहीण 1954 साली बिऱ्हाड घेऊन इस्राएलला गेली. आपल्या लोकांत जातो आहोत म्हणून आळीने तिला वाजतगाजत निरोप दिला. पुढे तिथल्या मुख्य धर्मपीठाला शंका आली. इतकी शतके तुटून राहिलेले हे लोक धर्मशास्त्राप्रमाणे ज्यूच कशावरून? 1962 साली विवाह नोंदणाऱ्यांना सूचना गेल्या की बेने इस्राएलांपैकी कुणी इतर ज्यूंशी लग्न करू म्हणेल, तर त्याच्या आईची, आजीची, जितके मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. मावशींच्या भाचीचे लग्न ठरले होते. बहिणीने अलिबागला पत्र टाकले. आजीच्या आईचे नाव कुठे लिहिलेले सापडते का पाहा, एखाद्या थडग्यावर तरी.

“मी सगळी थडगी पालथी घातली,” मावशी म्हणाल्या. “आजीचं सापडलं. तिच्या आईचं नुसता दगड होता. काय कळवणार? नवगावला जाऊन बसले दिवसभर. आणि आता तू विचारतोस.”

1964च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने, क्नेसेटने, हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले, आणि धर्मपीठाच्या सूचनेतून त्यांचे नाव निघाले. भाचीचे लग्न मात्र तोवर मोडले होते.

मावशी मला काही लागेल असे बोलल्या नाहीत. पुढच्या मलिद्याचे ताट नेहमीसारखे आले. फक्त त्या दिवसापासून मी ‘बाळ’चा ‘प्राध्यापक’ झालो. हाक मारण्याची त्यांची तऱ्हा इतकी साधी की ऐकणाऱ्याला कौतुक वाटावे. मला तसे वाटत नसे. नंतर कधीतरी झोप येईना तेव्हा माझ्या लक्षात आले की परशुरामाची कथा मी लहानपणापासून ऐकत आलो, पण आमच्यातल्या कुणाच्या लग्नात कुणी कधी त्या चौदा प्रेतांची नावे मागितली नाहीत.

2007 साली काका वारले. वर्ष होत आले तेव्हा मावशींनी मला बोलाविले. थडग्यावर दगड बसवायचा होता. त्यांच्या समाजात दगडावर हिब्रू असते, कधी इंग्रजी असते, आणि मराठी हटकून असते. हगादा हा त्यांचा वल्हांडणाचा ग्रंथ 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापला, त्यातल्या चित्रांत बायका जमिनीवर बसून सणाच्या रोट्या करताना दाखविल्या आहेत. एकोणिसाव्या शतकापासून ते मराठीत कीर्तने करीत आले. मेल्यावर मराठी सोडतील कसे?

“हिब्रूचं मुंबईहून लिहून येईल,” मावशी म्हणाल्या. “मराठी तू लिही. तुझाच तो धंदा.”

मला फार बरे वाटले. वाटले, मिटले. दोन रात्री बसून मी मजकूर केला. पहिल्या खर्ड्यात ‘कर्तव्यदक्ष’, ‘प्रेमळ’ आणि ‘चिरविश्रांती’ असे सगळे शब्द होते. मावशींनी चष्मा लावून वाचला आणि विचारले, “हे कोण?” मग आम्ही मिळून तो साधा केला. नाव, बापाचे नाव, आडनाव, जन्म, मृत्यू. खाली एका ओळीची जागा उरली.

“इथे लिही,” त्या म्हणाल्या, “यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले.”

मी लेखणी उचलली आणि थांबलो. आज याचे मला नवल वाटते, पण त्या वेळी माझी खरोखर पंचाईत झाली होती. दगडावर कोरलेले म्हणजे लेख. पाचशे वर्षांनी माझ्यासारखाच कुणी तो वाचील आणि पुरावा म्हणून धरील. जे सिद्ध नाही ते मी दगडात कसे लिहू? असल्या विचाराला प्रामाणिकपणा म्हणतात असा माझा समज होता. मी अगदी मृदू आवाजात म्हणालो, “मावशी, ‘परंपरेनुसार’ असा शब्द आधी घालू या का?”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, “आणि नावाच्या आधीही घाल. हे माझे यजमान होते, परंपरेनुसार.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “राहू दे. जागा मोकळी राहू दे.”

दगड बसला तेव्हा मी हजर होतो. काळ्या दगडावर पांढरी अक्षरे, शुद्धलेखन निर्दोष, ऱ्हस्व-दीर्घ सगळे जागच्या जागी. आणि तळाला चार बोटे कोरी पट्टी.

दोन वर्षांनी भाच्याने मावशींना इस्राएलला नेले. इथे त्यांना पाहणारे कुणी नव्हते. जाण्यापूर्वी त्या एकट्याच नवगावला जाऊन आल्या. मला नंतर कळले. तिकडून निघणाऱ्या ‘मायबोली’ या मराठी नियतकालिकाचे अंक त्या मला कधीमधी पाठवीत आणि त्यातल्या मुद्रणदोषांखाली पेन्सिलीने रेघ मारीत. ‘प्राध्यापकास’ एवढाच मजकूर वर असे. 2014 साली भाच्याचे पत्र आले, सोबत थडग्याचा फोटो. स्वच्छ, गुळगुळीत, एकसारख्या रांगांतला एक दगड, आणि त्यावर सगळे हिब्रू. मी तो फोटो उलटासुलटा करून पाहिला. मावशींचे नाव कुठे आहे तेही मला ओळखता येईना. अक्षर असून मला ते थडगे नवगावच्या दगडाहून मुके झाले.

आणखी दोन वर्षांनी एक शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बेने इस्राएल लोकांच्या रक्ताच्या तपासणीवरून असे निघाले की त्यांच्यात भारतीय अंशाबरोबर मध्यपूर्वेतल्या ज्यू लोकांचा अंशही आहे. ही सरमिसळ त्या अभ्यासाने एकोणीस ते तेहतीस पिढ्यांमागची धरली आहे. केहीमकरांचा सन त्यातून सिद्ध होत नाही, सात जोडपी तर नाहीतच. पण कुणीतरी समुद्रावरून आले होते आणि इथल्या मातीत मिसळले होते. मी ते वाचले, आणि सवयीने ओट्यावरून आळीकडे पाहिले. मावशींच्या घराला कुलूप होते.

मला ते वाचून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मावशींनी नमुना द्यायला बोट पुढे केले नव्हते. त्यांनी ओळ मागितली होती, आणि ती मी पुरावा आल्यावर द्यायला तयार झालो होतो. राहाबी माझ्यापेक्षा शहाणा. त्याने टोपली पाहिली आणि विश्वास ठेवला.

गेल्या पावसाळ्यापूर्वी मी भाच्याला पत्र लिहिले. भाचा आता पंचाहत्तरीचा आहे. लहानपणी गेलेला, पण मराठी लिहितो, थोडे अडखळत. त्याचे उत्तर चारच ओळींचे आले. ‘मावशी तिथली जागा मोकळी आहे म्हणून मला सांगून गेली होती. तुम्ही विचाराल असेही म्हणाली होती. खर्च कळवा.’

खर्च कळविण्याचा प्रश्न नव्हता. मी नवगावला गेलो. नारळी-पोफळींत आता बंगले झाले आहेत, शनिवार-रविवारी मोटारींची रीघ असते. समाजाने दफनभूमीत स्मारकाचा स्तंभ उभारला आहे. ते दोन उंचवटे मी शोधले आणि एक खडा ठेवला. येताना पाथरवटाकडे उतरलो.

त्याने माझा कागद घेतला आणि बोटाने अक्षरे मोजली. “जागेवर येऊन कोरायचं म्हणजे जास्त पडेल,” तो म्हणाला. “रफार आहे, जोडाक्षर आहे. आणि सुरुवातीला थोडी जागा सोडलीय, तिथे काही यायचंय का?”

“नाही,” मी म्हणालो.

“नीट बघून घ्या, सर. एकदा मारलं की खोडता येत नाही.”

मी कागद पुन्हा वाचला. ‘यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले.’ ‘पूर्वज’मधला ऊ दीर्घ आहे ना, तेवढे पाहिले आणि त्याला आगाऊ पैसे दिले.